खाडीतला चिखलपट्टा, भरती-ओहोटी आणि लाटा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत शिवडीच्या जेट्टीवर ओहोटीच्या वेळी गेलात तर समोर लांबवर करडा, चकाकणारा चिखल दिसतो. सहा तासांनी पुन्हा या, तिथे पुरुषभर पाणी असते. शिवडी, माहुल, ऐरोली, भांडुप, मालाडची खाडी, मनोरी या सगळ्या जागी हा खेळ दिवसातून दोनदा चालतो. त्याबद्दल लोक जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. पाण्याच्या उंचीचे आकडे भरती-ओहोटीच्या वेळापत्रकात छापतात त्याच पायापातळीपासूनचे, म्हणजे शून्य धरलेल्या पातळीपासूनचे, आहेत.

चिखलपट्टा म्हणजे दलदलच ना? मग कांदळवन आणि खाजण वेगळे कसे?

तिन्ही एकाच उताराच्या पायऱ्या आहेत. फरक फक्त पाण्याखाली किती वेळ जातो याचा. गेटवे ऑफ इंडियाजवळच्या अपोलो बंदराची सरासरी समुद्रपातळी सुमारे २.५ मीटर धरतात. तिवर, म्हणजे कांदळवनाचे झाड, साधारण या पातळीपासून वर मूळ धरते आणि उधाणाच्या भरतीच्या रेषेपर्यंत, म्हणजे ४.४ मीटरच्या आसपास, वाढते. त्या रेषेच्या आगेमागे, फक्त मोठ्या उधाणात भिजणारी खारी जमीन म्हणजे खाजण. वडाळा, भांडुप, मुलुंडची मिठागरे अशाच जमिनीवर बांध घालून तयार झाली. तिवरांच्या खालच्या बाजूला, जिथे रोप रुजायला पुरेसा कोरडा वेळच मिळत नाही, तिथून उधाणाच्या ओहोटीच्या रेषेपर्यंत उघडा पट्टा असतो. तोच चिखलपट्टा, ज्याला इंग्रजी वळणाने मडफ्लॅट म्हणतात.

‘ओसाड’ हा शब्द या पट्ट्याला सर्रास लावला जातो. तो चुकीचा आहे, आणि त्या एका शब्दाने मुंबईचे फार नुकसान केले आहे.

मुंबईत पाणी नेमके किती चढते-उतरते?

उधाणात, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, सरासरी भरती ४.४२ मीटर आणि ओहोटी ०.७६ मीटर. फरक साडेतीन मीटरच्या वर. भांगात, म्हणजे अष्टमीच्या आसपास, भरती ३.३ आणि ओहोटी १.८६ मीटर, फरक जेमतेम दीड मीटर. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, त्यामुळे रोजची वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते.

वेळापत्रक हाताशी नसेल तर कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशोब वापरा: तिथीची पाऊणपट करा, तितके वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास; अष्टमीला सहाला. अर्धा-एक तास इकडेतिकडे होतो, म्हणून चिखलात उतरायचे असेल तर या हिशोबावर विसंबू नका.

दिवसाच्या दोन भरत्याही सारख्या नसतात. पावसाळ्यात दुपारच्या सुमाराची उधाणाची भरती मोठी असते. हिवाळ्यात मध्यरात्रीची मोठी. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत पहाटेची ओहोटी खूप खाली जाते आणि एरवी न दिसणारा पट्ट्याचा खालचा भाग सकाळी उघडा पडतो.

यात भांगाचे महत्त्व काय? सगळे उधाणाबद्दलच बोलतात.

भांगात पाणी १.८६ ते ३.३ मीटर या अरुंद पट्ट्यातच घुटमळते. म्हणजे ३.३ मीटरच्या वरचा चिखल सलग काही दिवस पाणी पाहतच नाही. ऊन लागते, वरचा थर आवळतो, भेगा पडतात, आणि तो इतका घट्ट होतो की पुढच्या उधाणाला सहज खरवडता येत नाही. वरच्या भागात गाळ टिकतो तो या वाळण्यामुळे. याउलट मधल्या पट्ट्यावर लाटा त्याच त्या उंचीवर तासन् तास घासत राहतात. पट्ट्याच्या मध्यावर कधीकधी वीतभर उंचीची छोटी कड दिसते. तिचे एक कारण हे.

हा गाळ येतो तरी कुठून?

बहुतेक सह्याद्रीतून. बेसाल्टचा काळा दगड झिजला की त्यातून फुगणारी, चिकट माती बनते, आपली काळी माती. उल्हास, पाताळगंगा, अंबा या नद्या ती पावसाळ्यात खाली आणतात. पण ठाणे खाडीची गोष्ट थोडी वेगळी आहे. सुमारे २६ किलोमीटर लांबीच्या या खाडीत मोठी नदी थेट येत नाही. उल्हासचे पाणी मुख्यतः वसईच्या खाडीने समुद्राला मिळते आणि ठाण्याजवळचा जोड अगदी अरुंद आहे. त्यामुळे इथला बराच गाळ समुद्राच्या बाजूने, भरतीवर बसून आत येतो. त्यात शहराच्या नाल्यांचा आणि बांधकामाच्या मातीचा वाटा मिसळतो.

इतकी बारीक माती पाण्यात तळाशी बसतेच कशी?

एकेकटी बसू शकत नाही. वाळूच्या सीमेवरचा कण, ०.०६३ मिलिमीटरचा, शांत पाण्यात मीटरभर खाली जायला पाच मिनिटे घेतो. ०.००२ मिलिमीटरचा चिकणमातीचा कण तेवढ्याच अंतराला तीन दिवस घेतो. भरती आणि ओहोटी यांच्यामध्ये पाणी थांबते ते अर्धा-पाऊण तास. एवढ्या वेळात सुटा कण तळाला पोहोचणे शक्य नाही.

मीठ इथे काम करते. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून गोड्या पाण्यात ते एकमेकांना दूर ढकलतात. खाऱ्या पाण्यातले क्षार हे ढकलणे दुबळे करतात, कण जवळ येतात, चिकटतात आणि त्यांचे पुंजके होतात. सूक्ष्म शेवाळांचा बुळबुळीत स्राव त्यांना आणखी बांधतो. असा पुंजका सेकंदाला अर्धा मिलिमीटर वेगाने पडला तरी अर्ध्या तासात मीटरभर खाली येतो. थांबलेल्या पाण्याला तेवढा वेळ पुरतो.

घरी पाहायचे असेल तर लिटरभर मावेल अशा काचेच्या दोन बरण्या घ्या. दोन्हीत फिल्टरचे पाणी भरा, एकीत ३५ ग्रॅम मीठ (दोन मोठे चमचे) विरघळवा. कुटून चाळलेली काळी माती प्रत्येकीत एक छोटा चमचा टाका, मिनिटभर जोरात हलवा आणि शेजारी ठेवा. मिठाच्या पाण्यात काही मिनिटांत कापसासारखे पुंजके दिसू लागतात आणि तासाभरात वरचे पाणी निवळायला लागते. दुसरी बरणी दुसऱ्या दिवशीही गढूळ असते. प्रयोग फसतो तो तीन कारणांनी: बोअरचे जड पाणी वापरले तर त्यातले क्षारच पुंजके करतात, खाडीचाच चिखल घेतला तर मीठ दोन्हीकडे जाते, आणि माती जास्त झाली तर दोन्ही बरण्यांत लगदा होऊन फरक दिसत नाही.

भरती जे आणते ते ओहोटी परत का नेत नाही? पाणी तर तेवढेच जाते.

पाणी तेवढेच जाते, गाळ तेवढा जात नाही. याची चार कारणे एकावर एक चढलेली आहेत.

पहिले, भरती उथळ भागाकडे येते तसा तिचा वेग कमी होतो. वेग कमी झाला की पुंजके पडायला लागतात, पण पडायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात पाणी त्यांना आणखी आत नेते. म्हणजे गाळ जिथे सुटायला लागला त्याच्या बराच पुढे बसतो. ओहोटी सुरू होते तेव्हा त्या आतल्या जागी प्रवाह अजून मंद असतो. तो जोर धरेपर्यंत तिथले पाणी ओसरून गेलेले असते.

दुसरे, बसलेला चिखल उचलायला तो वाहता ठेवण्यापेक्षा जास्त जोर लागतो. बसताक्षणी पुंजके एकमेकांना धरतात. तळावरचे घर्षण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: वेग सेकंदाला २० सेंटिमीटरवरून ४० झाला तर ओढ चौपट होते. ताजा, लापशीसारखा चिखल २०–३० सेंटिमीटरच्या वेगालाही उठतो. महिनाभर आवळलेल्या चिखलाला त्याच्या कित्येक पट जोर लागतो.

तिसरे, उथळ खाडीत भरतीची लाट वाकडी होते. उथळ पाण्यात तिचा वेग खोलीवर ठरतो: १० मीटर खोलीला ताशी सुमारे ३५ किलोमीटर, ५ मीटरला २५. भरतीचा माथा खोल पाण्यावर असतो, म्हणून तो पुढच्या ओहोटीच्या तळाला गाठू पाहतो. परिणामी चढायला वेळ कमी आणि उतरायला जास्त लागतो. चढता प्रवाह जोरकस आणि उतरता रेंगाळणारा होतो. गाळ आत ढकलला जातो.

चौथे म्हणजे वर सांगितलेले वाळणे.

या सगळ्याला उलट ओढणारी एक गोष्ट आहे. खाडीच्या काठाला विस्तीर्ण खाजण आणि कांदळवन असेल, तर भरतीचे पाणी तिथे पसरून साठते आणि ओहोटीला ते एकदम मुख्य पात्रात उतरते. तेव्हा ओहोटी जोरकस होते आणि पात्र धुऊन काढते. ही बाब लक्षात ठेवा; भरावाच्या प्रश्नात ती पुन्हा येते.

मग लाटांचे काम काय?

प्रवाह जमा करतो, लाटा काढून घेतात. ठोकळमानाने हे खरे आहे.

लाटेची ढवळ तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंतच पोहोचते. ठाणे खाडीत वारा सुटला की दोन सेकंदांच्या, वीतभर उंचीच्या लाटा उठतात. त्यांची लांबी सुमारे सहा मीटर. म्हणजे तीन मीटरखालच्या तळाला त्यांचा पत्ताही लागत नाही. पण हिशोब करून पाहा: २५ सेंटिमीटर उंचीची अशी लाट दोन मीटर पाण्यात तळाशी सेकंदाला १० सेंटिमीटरची हालचाल करते, आणि अर्ध्या मीटर पाण्यात तीच ४५ सेंटिमीटरची. शिवाय ही हालचाल दर सेकंदाला दिशा बदलते, त्यामुळे ती तळाला संथ प्रवाहापेक्षा जास्त ओरबाडते.

म्हणून चिखलाची खरी खरवड पाण्याच्या कडेला होते, गुडघाभर पाणी असते त्या पट्टीत. भरतीबरोबर ही पट्टी वर सरकते, ओहोटीबरोबर खाली. वाऱ्याच्या दिवशी काठावरून पाहिले तर पाण्याच्या कडेने चहाच्या रंगाचा एक पट्टा सरकताना स्पष्ट दिसतो, त्यापलीकडचे पाणी त्या मानाने स्वच्छ असते. तो पट्टा म्हणजे त्या क्षणी उचलला जाणारा चिखल.

चिखलही लाटांना गप्प बसून सोसत नाही. मऊ चिखल लाटेखाली जेलीसारखा हलतो आणि तिची ताकद शोषून घेतो. केरळच्या आलप्पुळा किनाऱ्यावर पावसाळ्यात तयार होणारी ‘चाकरा’ याचे मोठे उदाहरण: समुद्र खवळलेला असताना चिखलाच्या त्या पट्ट्यावर पाणी शांत असते आणि होड्या तिथून निघतात. शिवडीचा पट्टा त्या मानाने साधा आहे, पण काठाच्या भिंतीपर्यंत लाट दमून पोहोचते ती याच कारणाने.

जुहूला वाळू, शिवडीला चिखल. समुद्र तर एकच आहे?

जुहू उघड्या अरबी समुद्राकडे तोंड करून आहे. तिथे आठ-दहा सेकंदांच्या, शंभर मीटरहून लांब लाटा येतात आणि बारीक कण बसू देत नाहीत. उरते ती वाळू. शिवडी मुंबई बेटाच्या पाठीशी, आडोशाला आहे. माहीमच्या उपसागरात दोन्ही दिसते: बाहेरच्या कडेला वाळू, मिठीच्या मुखाशी चिखल.

पट्ट्याकडे पाहून तो वाढतोय की झिजतोय हे कळते का?

बऱ्यापैकी कळते. काठापासून पाण्यापर्यंतचा उतार आडवा पाहा. गाळ जमत असलेला पट्टा फुगीर असतो, मध्ये पोट आल्यासारखा: वरचा भाग जवळपास सपाट आणि खाली पाण्याकडे उतार वाढतो. लाटांनी झिजणारा पट्टा खोलगट असतो, वर काठाशी उतार जास्त आणि खाली पसरट.

आणखी खुणा आहेत. वाढत्या पट्ट्यावर पाय पोटरीपर्यंत जातो, पृष्ठभाग गुळगुळीत असतो, कडेला तिवराची वर्ष-दोन वर्षांची रोपे दिसतात. झिजत्या पट्ट्यावर पाय फारसा रुतत नाही, कारण वरचा मऊ थर निघून गेलेला असतो आणि जुना, घट्ट, निळसर चिखल उघडा पडतो. रिकामे शिंपले वर येतात. तिवरांची मुळे अधांतरी लोंबतात आणि काठाला उभी कड पडते. एकाच खुणेवरून निकाल देऊ नका. पावसाळ्यानंतर लगेच पाहिले तर झिजता पट्टाही काही आठवडे मऊ दिसतो.

पावसाळ्यात आणि हिवाळ्यात काय बदलते?

जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा, मोठ्या लाटा आणि नद्यांचा गाळ एकदम येतात. उघड्या जागी चिखल खरवडला जातो, आडोशाच्या जागी बसतो. पाणी गोडसर झाल्याने खाडीच्या आतल्या टोकाला पुंजके बनणे मंदावते आणि ती जागा बाहेरच्या बाजूला सरकते. ऑक्टोबरनंतर वारा पडतो, पाणी खारट होते, आणि पावसाळ्याने आणलेला गाळ भरती हळूहळू आत वाटत जाते. म्हणून एका मोजणीवरून वर्षाचा अंदाज बांधू नये. मे महिन्याची मेशी, डिसेंबरची डिसेंबरशी अशीच तुलना करावी.

ओहोटीला चिखलावर सोनेरी-तपकिरी साय दिसते, ती घाण आहे का?

नाही. ते डायॅटम नावाचे सूक्ष्म, एकपेशीय शेवाळ. चिखल उघडा पडला की ते उन्हासाठी वर सरकतात, पाणी यायच्या आधी पुन्हा आत जातात. त्यांच्या चिकट स्रावाने वरचे एक-दोन मिलिमीटर एकत्र बांधले जातात. बोटाने ही साय खरवडून शेजारच्या साय असलेल्या जागेशी तुलना करा. पुढच्या भरतीत आधी कुठला चिखल उठतो ते दिसते. रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे, विशेषतः धाकट्या रोहितांचे, पोट याच सायीवर आणि निळ्या-हिरव्या शेवाळावर भरते.

चिंबोऱ्या, निवट्या आणि किडे उलट काम करतात: बिळे खणून चिखल सैल करतात. पण तीच बिळे खाली हवा पोहोचवतात. सायीविना चिखल टिकत नाही, बिळांविना तो गुदमरतो.

चिखल काळा का, आणि वास कशाचा?

काही मिलिमीटरखाली प्राणवायू संपतो. तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातले सल्फेट वापरतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड (सडक्या अंड्याचा वास) आणि लोखंडाचे काळे सल्फाइड तयार होते. थोडा वास निरोगी चिखलालाही असतो. पृष्ठभागच काळा पडला असेल आणि एकही बीळ नसेल, तर सांडपाण्याचा भार जास्त झाला आहे असे समजा.

चिखलपट्टा वर्षाला किती वाढतो? ते मोजता येते का?

जागेगणिक फरक पडतो: कुठे मिलिमीटरभर, कुठे काही सेंटिमीटर, तर शेजारीच उणे. म्हणून दुसऱ्या जागेचा आकडा उचलून वापरण्यापेक्षा मोजणे बरे. शाळा-कॉलेजला जमेल अशी पद्धत म्हणजे पुरलेली पाटी.

२० बाय २० सेंटिमीटरची ॲक्रिलिकची पाटी घ्या, कोपऱ्यांना छिद्रे पाडा. चिखलात बाजूने चीर पाडून ती सुमारे २० सेंटिमीटर खोल, आडवी सरकवा. वरून खड्डा खणून पुरली तर भरलेला चिखल पुढे महिनोन्‌महिने दबत राहतो आणि मोजणी खोटी येते. पाटीपासून मीटरभर अंतरावर दोन्ही बाजूंना बांबू रोवा, म्हणजे जागा सापडेल. बांबू पाटीला चिकटून नकोत, कारण बांबूभोवती पाणी घुमून खळगा पडतो. पहिला महिना सोडून द्या. मग दर महिन्याला, तिथी जुळवून, ३ मिलिमीटर जाडीची पोलादी सळई पाच ठिकाणी पाटीपर्यंत घाला, खोली लिहा आणि सरासरी काढा. पाचपैकी एखादा आकडा सेंटिमीटरभर वेगळा आला तर सळई चिंबोरीच्या बिळात गेली किंवा शिंपल्यावर अडली. तो टाकून द्या. एका जागेला किमान तीन पाट्या हव्यात.

चुका बहुतेक माणसांच्या पायांनी होतात. पाटीजवळ उभे राहून मोजले की चिखल दबतो. रुंद फळीवर गुडघे टेकून, हात लांब करून मोजा. ठाणे खाडीचे अभयारण्य आणि बंदराची हद्द यांत परवानगीविना काही पुरता येत नाही. वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे आधी अर्ज करा.

कांदळवन वाढतेय ही चांगलीच बातमी ना?

नेहमीच नाही. तिवराची श्वसनमुळे पेन्सिलीसारखी चिखलातून वर येतात, त्यांच्यात पाणी मंदावते, गाळ बसतो, जमीन उंचावते आणि पुढच्या ओळीला जागा मिळते. ठाणे खाडीच्या आतल्या भागात असे होऊन उघडा चिखल आक्रसला आहे. रोहित, तुतवार या पक्ष्यांना उघडा चिखल लागतो. झाडीत ते चरत नाहीत. म्हणून उघड्या चिखलपट्ट्यावर तिवरांची रोपे लावण्याचे कार्यक्रम करू नयेत. रोपे लावायची तर जिथे कांदळवन तोडले गेले तिथे, त्याच पातळीला. चुकीच्या पातळीवरची रोपे बहुतेक मरतातच: खाली लावलेली सतत बुडून आणि लाटांनी हलून, वर लावलेली मीठ साचून.

काठावर भराव टाकला तर लांबच्या पात्रात गाळ का साचतो?

खाडी स्वतःचे पात्र आत-बाहेर जाणाऱ्या पाण्याने धुते. त्या पाण्याचे माप सोपे आहे: क्षेत्र गुणिले पाण्याची उंची. एक चौरस किलोमीटर कांदळवनावर उधाणात सरासरी एक मीटर पाणी चढत असेल, तर एका भरतीला दहा लाख घनमीटर पाणी आत येते आणि ओहोटीला बाहेर जाते. तेवढी जागा भरून टाकली की हे पाणी येतच नाही. ओहोटीचा जोर घटतो, आणि पात्र अरुंद-उथळ होत जाते, जोवर ते उरलेल्या पाण्याच्या मापाचे होत नाही तोवर.

हे लगेच दिसत नाही, आणि तिथेच फसगत होते. भराव आज पडतो. पाच-दहा वर्षांनी मैलभर खाली कोळ्यांच्या होड्या ओहोटीला अडकू लागतात, जेट्टीपर्यंत पाणी पोहोचत नाही, आणि नाल्याचे तोंड गाळाने बुजते. तेव्हा गाळ उपसायचे कंत्राट निघते. उपसलेल्या खड्ड्यात पाणी मंद असते, म्हणून तो पुन्हा भरतो. मुंबईचा काठ अठराव्या शतकापासून असाच बदलत आला आहे. १८४५ मध्ये पुऱ्या झालेल्या माहीम कॉजवेने मिठीच्या मुखाशी पाण्याची वाट आवळली. अशा ठिकाणी गाळ उपसणे आवश्यक असेलही, पण ओहोटीला पाणी पुरवणारी जागा परत मिळाल्याशिवाय तो थांबत नाही.

पुलांच्या खांबांचा परिणाम होतो का?

होतो, पण भरावापेक्षा वेगळा. खांबाला लगटून प्रवाह घुमतो आणि खळगा पडतो; खांबांच्या मागच्या सावलीत पाणी मंदावून गाळ बसतो. शिवडीच्या पट्ट्यावरून जाणारा, जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू खांबांवर आहे, म्हणून पाण्याची ये-जा चालू राहते. हाच रस्ता मातीच्या बांधावरून नेला असता तर पट्टा दोन तुकड्यांत विभागला गेला असता. बांधकामाच्या काळातले तात्पुरते भराव मात्र मुळापासून काढले आहेत ना, हे तपासायला हवे. चिखलात राहिलेला फूटभर मुरूमही ओहोळाची वाट बदलतो.

समुद्राची पातळी वाढली तर हे पट्टे बुडतील का?

मुंबईत १८७८ पासून भरतीमापक यंत्राची नोंद आहे. त्या लांब नोंदीत वाढ वर्षाला मिलिमीटरपेक्षा थोडी कमी दिसते. अलीकडच्या दशकांत जगभरचा सरासरी वेग तीन मिलिमीटरच्या वर गेला आहे. गाळ पुरेसा येत राहिला तर पट्टा तेवढा उंचावू शकतो. अडचण काठाची आहे. पाणी वर सरकले की चिखल आणि तिवर दोघेही जमिनीकडे सरकतात. मागे भिंत, रस्ता किंवा इमारत असेल तर सरकायला जागाच नाही, आणि पट्टा भिंत व पाणी यांच्यामध्ये चेपला जातो. शिवाय भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याचा चिखल दुसऱ्यांदा खरवडते.

चिखलात उतरणे सुरक्षित आहे का?

स्थानिक माहितगार सोबत नसेल तर उतरू नका. पाणी समान वेगाने चढत नाही: सहा तासांत ते बाराव्या हिश्शांनी १, २, ३, ३, २, १ असे वाढते. उधाणात चार मीटर चढायचे असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या तासाला प्रत्येकी एक मीटर. पट्ट्याचा उतार मीटरभर उंचीमागे ५०० मीटर अंतर असा धरला, तर पाण्याची कड त्या तासात अर्धा किलोमीटर आत येते, मिनिटाला आठ मीटर. गुडघाभर चिखलात तुम्ही याहून फार वेगाने चालत नाही. त्यात ओहोळ तुमच्या मागून आधी भरतात आणि परतीची वाट तोडतात. म्हणून वेळापत्रकातल्या ओहोटीच्या वेळेला परत फिरलेले असावे.

पाय रुतला तर ओढून काढायचा प्रयत्न करू नका. खाली पोकळी होऊन चिखल अधिक घट्ट धरतो. मागे रेलून बसा, वजन पसरा, पाय हलके हलके हलवत पाणी आत शिरू द्या, एकेक पाय काढा आणि रांगत घट्ट जागी या. गमबूट असतील तर ते तिथेच सोडा.

शिवडीला रोहित पाहायचे तर कधी जावे?

नोव्हेंबर ते मे. पूर्ण ओहोटीला पक्षी पाण्याच्या कडेबरोबर लांब गेलेले असतात आणि नुसते गुलाबी ठिपके दिसतात. पूर्ण भरतीला चरायला चिखलच नसतो, तेव्हा ते नेरूळ, भांडुप यांसारख्या पाणथळ जागी विसाव्याला जातात. म्हणून भरतीच्या वेळेच्या दोन-तीन तास आधी जेट्टीवर पोहोचा. पाणी वर सरकते तशी रांग तुमच्या दिशेने येते. अष्टमीच्या आसपास भरती सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमारास असते, तेव्हा दुपारी तीन-चारला गेलेले बरे. सूर्य पाठीशी येतो आणि भांगाचे पाणी सावकाश चढत असल्याने पक्षी जवळ जास्त वेळ थांबतात.